फॉन्ट फुकट, फेरछपाई महाग

आमच्या वाचनालयाच्या रौप्यमहोत्सवाच्या ३०० निमंत्रणपत्रिका छापून आल्या. कार्यवाहांनी वरचीच एक उचलून डोळ्यांजवळ नेली आणि म्हणाले, ‘‘अहो, कऱ्हाडचा पाय मोडलाय.’’ खरोखरच मोडला होता. प्रमुख पाहुणे कऱ्हाडचे, आणि पत्रिकेत त्यांच्या गावाच्या नावातल्या ‘ऱ’खाली हलन्ताची तिरकी रेघ, शेजारी सुटा पडलेला ‘हा’. शिवाय ओळी सरकल्यामुळे पाहुण्यांचे नाव एका ओळीत आणि आडनाव दुसऱ्या ओळीत. पत्रिकेला १२ रुपये, म्हणजे ३,६०० रुपये पाण्यात.

छापखान्याला बोल लावण्यात अर्थ नव्हता. मी वर्डची फाइल पेनड्राइव्हवर नेऊन दिली होती. माझ्या लॅपटॉपवरचा फॉन्ट त्यांच्या संगणकावर नव्हता. त्यांच्या संगणकाने कुणालाही न विचारता दुसरा लावला, आणि त्या दुसऱ्यात मराठीचा हा डोळ्याच्या पापणीसारखा अर्धा ‘र’ केलेलाच नव्हता. फेरछपाईचे पैसे मी भरले. मग सुट्टीचे दोन दिवस बसून फॉन्ट पाहायला, निवडायला आणि आवरायला बाजारात काय मिळते, त्याला काय पडते, याची चौकशी केली. निकाल आधीच सांगून टाकतो. घरच्या किंवा छोट्या कचेरीतल्या संगणकावर फॉन्ट सांभाळायला एक रुपयाही लागत नाही. पैसे जातात ते न पाहता छापल्यामुळे.

घरातच असलेली सोय

विंडोजमध्ये सेटिंग्ज उघडा, त्यात पर्सनलायझेशन, त्यात फॉन्ट्स. संगणकावर बसवलेले सगळे फॉन्ट तिथे दिसतात. एखाद्यावर टिचकी मारली की वरती एक चौकट येते. तिच्यात तुम्हाला हवा तो मजकूर टाइप करून तो त्या फॉन्टमध्ये कसा दिसतो ते पाहता येते. विंडोज १०पासून ही सोय आहे आणि तरीही दहातल्या नऊ जणांना ती ठाऊक नसते. आपण काय करतो, तर फॉन्टच्या फाइलवर दोनदा टिचकी मारतो. मग इंग्रजीतले ते चपळ तपकिरी कोल्ह्याचे वाक्य वेगवेगळ्या आकारांत दिसते. त्या वाक्यात इंग्रजीची सव्वीसच्या सव्वीस अक्षरे येतात म्हणून ते निवडले गेले आहे. मराठी माणसाला त्या कोल्ह्याचा उपयोग शून्य.

मॅकवाल्यांना फॉन्ट बुक नावाचा कार्यक्रम संगणकासोबतच मिळतो. त्यात स्वतःचा मजकूर टाकून पाहता येते, एकाच फॉन्टच्या दोन प्रती बसल्या असतील तर तो इशारा देतो, बिघडलेली फाइल असेल तर तेही सांगतो. मॅकवर कोहिनूर देवनागरी, आयटीएफ देवनागरी आणि श्री देवनागरी ७१४ हे चांगले फॉन्ट आधीपासून असतात. लिनक्सवर फॉन्ट मॅनेजर याच नावाचा मोफत कार्यक्रम आहे. खर्चाच्या रकान्यात तिन्हीकडे शून्य.

कोल्ह्याऐवजी शालूताई

आता महत्त्वाचे. फॉन्ट ‘छान दिसतो’ म्हणून घ्यायचा नसतो. तो आपली अवघड अक्षरे कशी काढतो ते पाहून घ्यायचा असतो. त्यासाठी मी एक ओळ तयार केली आहे. साहित्यमूल्य काही नाही, पण गेली दोन वर्षे तिने मला एकदाही फसवलेले नाही :

कऱ्हाडच्या ॲडव्होकेट शालूताई ऑगस्टात ट्रॅक्टरवरून उद्घाटनाला निघाल्या; मागून ज्ञानेश, श्रद्धा आणि कृष्णा वाङ्मय मंडळाच्या पत्रिकेतले ऱ्हस्व-दीर्घ तपासत ब्रह्मपुरीच्या लाल वळणावर उभे. रु. रू. १२३४५६७८९०

हिच्यातले प्रत्येक अक्षर कामाला लावलेले आहे. ‘ऱ्हा’ आणि ‘ऱ्ह’ कशासाठी ते सांगितलेच. ‘ॲ’ हे अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली आले. त्याआधीच्या फॉन्टमध्ये त्याच्या जागी रिकामा चौकोन दिसतो. ‘उद्घाटन’मध्ये काही फॉन्ट द आणि घ एकाखाली एक बसवतात, काही ‘द’चा पाय मोडून ‘घ’ शेजारी ठेवतात. दोन्ही चालते, पण मोठ्या फलकावर आपल्याला कोणते हवे ते छापण्याआधी ठरलेले बरे. ‘वाङ्मय’मधल्या ‘ङ’चे टिंब कित्येक फॉन्टमध्ये लहान आकारात गडप होते आणि वाङ्मय मंडळाचे ‘वाड्मय’ मंडळ होते. ‘रु’ आणि ‘रू’ यांत फरक डोळ्यांना पटकन कळला पाहिजे. पावतीपुस्तक छापणाऱ्यांनी हे जरूर पाहावे.

आणि ‘शालूताई लाल वळणावर’ कशाला? तर ‘श’ आणि ‘ल’साठी. मराठीतला ‘ल’ दोन वाटोळ्या पाकळ्यांचा, हिंदीतला दंडाला टेकलेला. ‘श’चेही तसेच, मराठी ‘श’ची गाठ वेगळी. महाराष्ट्र शासनाने २००९ साली प्रमाण वर्णमालेचा निर्णय काढला, त्यात ही मराठी वळणेच धरलेली आहेत. पण बहुतेक देवनागरी फॉन्ट हिंदी वळण आधी दाखवतात. काही फॉन्टमध्ये मराठी रूप आत दडवलेले असते आणि मजकुराची भाषा ‘मराठी’ अशी ठरवली तरच ते बाहेर येते. लिब्रे ऑफिसमध्ये ओळ निवडून भाषा मराठी करून पाहा. ‘ल’ बदलला तर समजा, फॉन्ट करणाऱ्याला मराठी माहीत आहे. काही जण म्हणतात, वाचणाऱ्याला काय फरक पडतो? बातमीत पडत नसेल. पहिलीच्या पुस्तकात आणि देवळाच्या कमानीवर नक्की पडतो.

या ओळीत अक्षरे जागच्या जागी न बसता सुटी-सुटी दिसली, म्हणजे वेलांटी चुकीच्या बाजूला, जोडाक्षरे फुटलेली, तर फॉन्टला शिव्या देण्याआधी तीच ओळ दुसऱ्या कार्यक्रमात उघडा. फोटोशॉप आणि इनडिझाइनमध्ये बरेचदा दोष फॉन्टचा नसून मांडणीच्या सेटिंगचा असतो. वर्ल्ड-रेडी नावाचा पर्याय चालू केला की वेलांट्या आपापल्या जागी जातात. फुकट दुरुस्ती.

मंगल कुठे गेला?

हा प्रश्न मला इतक्यांनी विचारला आहे की त्याचे उत्तर छापून वाटावेसे वाटते. मंगल हा फॉन्ट कवी आणि सुलेखनकार र. कृ. जोशी यांनी केलेला, विंडोज २०००सोबत घरोघर पोचलेला. सरकारी अर्ज, जुन्या वर्ड फाइली, सगळीकडे तोच. नवा लॅपटॉप घेतला की तो यादीत सापडत नाही, कारण आता विंडोज देवनागरीसाठी निर्मला यूआय हा फॉन्ट वापरते. मग लोक इंटरनेटवर ‘मंगल डाउनलोड’ शोधतात आणि कुठल्या तरी जाहिरातींनी भरलेल्या पानावरून भलतेच काही उतरवून घेतात. एका दुकानाने तर ‘मराठी फॉन्ट टाकून देण्याचे’ माझ्या मेहुण्याकडून ३५० रुपये घेतले.

काहीही उतरवायची गरज नाही. सेटिंग्जमध्ये ऑप्शनल फीचर्स म्हणून भाग आहे. तिथे देवनागरी सप्लिमेंटल फॉन्ट्स शोधा आणि जोडा. मंगल, अपराजिता, कोकिळा, उत्साह असे सगळे एकदम येतात, थेट मायक्रोसॉफ्टकडून, विंडोजच्या किमतीतच. विंडोजमध्ये मराठी भाषा जोडली तरी ते आपोआप येतात.

दोन जातींचा घोळ

मराठी संगणकावर फॉन्टच्या दोन जाती नांदतात आणि त्या ओळखता आल्या नाहीत तर कुठलाच मॅनेजर उपयोगाचा नाही. एक युनिकोड. मंगल, निर्मला, मुक्त, नोटो हे त्यातले. यात ‘क’ म्हणजे ‘क’च, फॉन्ट बदलला तरी अक्षर तेच राहते. दुसरी जुनी जात : श्रीलिपी, आकृती, आयएसएम, शिवाजी, किरण वगैरे. यांत इंग्रजी अक्षरांच्या जागांवर मराठी आकार बसवलेले असतात. फाइलमध्ये खरे तर इंग्रजी अक्षरे, डॉलरच्या खुणा आणि कंस असतात. त्या फॉन्टच्या चष्म्यातून पाहिले की मराठी दिसते. चष्मा काढला की खिचडी.

ओळखायची रीत सोपी. पाहण्याच्या चौकटीत शालूताईंची ओळ टाका. जुन्या जातीच्या फॉन्टमध्ये ती मंगल किंवा निर्मलातच दिसेल, फॉन्ट बदलला तरी ढिम्म हलणार नाही. उलट कोल्ह्याचे इंग्रजी वाक्य टाकले तर अगम्य मराठी उमटेल.

जुने फॉन्ट फेकून द्या, असे मी म्हणणार नाही. गेल्या तीस वर्षांतली कितीतरी मराठी पुस्तके, स्मरणिका, पंचांगे त्यांत बांधलेली आहेत, आणि त्यांतली काही अक्षरवळणे अजूनही नव्यांना ऐकत नाहीत. पण त्यांचा खर्च लपलेला असतो. त्यांतले काही पॅकेज संगणकाच्या मागे एक कुलूप लावल्याशिवाय चालत नाहीत. त्याला डीटीपीवाले ‘लॉक’ किंवा ‘डोंगल’ म्हणतात. ते हरवले किंवा जळले की पुन्हा कंपनीच्या दारात. हे फॉन्ट ज्यात चालतात त्या पानमांडणीच्या पेजमेकरला युनिकोड कळत नाही आणि त्याची शेवटची मोठी आवृत्ती २००१ची. म्हणून पेजमेकरसाठी जुने विंडोज, जुन्या विंडोजसाठी जुना संगणक, आणि तो बंद पडला की दुरुस्तीवाल्याच्या पाया पडणे, अशी साखळी चालू राहते. ॲडोबीने तर जानेवारी २०२३पासून आपल्या कार्यक्रमांत टाइप वन नावाच्या जुन्या प्रकारच्या फॉन्टनी मजकूर लिहिण्याची सोयच काढून टाकली. तुमच्या जुन्या सीडीवर पीएफबी आणि पीएफएम अशा जोड-फाइली असतील तर त्या याच.

माझा सल्ला : जुना फॉन्ट फक्त जुनी फाइल उघडायला ठेवा. नवे काहीही त्यात टाइप करू नका. जुना मजकूर युनिकोडमध्ये बदलून देणारे मोफत परिवर्तक मिळतात, पण त्यातून निघालेला मजकूर मुद्रितशोधन केल्याशिवाय वापरू नका. रफार आणि पोटफोड्या ‘ष’ हमखास घोळ घालतात.

फुकट आणि तरीही कायदेशीर

अप्पांच्या वेळी, म्हणजे माझ्या वडिलांच्या छापखान्यात, नवा टाइप घ्यायचा तर शिशाचे खिळे किलोवर यायचे आणि महिनाभर विचार व्हायचा. आज गूगल फॉन्ट्सवर देवनागरीची कुटुंबेच्या कुटुंबे मोफत पडून आहेत. मुंबईच्या ‘एक टाइप’ या संस्थेचे मुक्त, बलू, मोदक आणि ‘अनेक’. अहमदाबादच्या इंडियन टाइप फाउंड्रीचे हिंद, पॉपिन्स, तेको, कलम. रेल्वेच्या हातरंगवलेल्या पाट्यांवरून सुचलेला यात्रा वन. पुस्तकासाठी तिरो देवनागरी मराठी; तिरो देवनागरीच्या हिंदी, मराठी, संस्कृत अशा तीन वेगळ्या फाइली आहेत आणि मराठीच्या फाइलीत ‘ल’, ‘श’ आपल्या वळणाचे आहेत. मला तो दिवाळी अंकाच्या मजकुरासाठी सगळ्यांत आवडतो. राज्य मराठी विकास संस्थेचे यशोमुद्रा आणि यशोवेणू हेही मोफत आहेत.

गूगलवरचे हे देवनागरी फॉन्ट ओपन फॉन्ट लायसन्सखाली येतात. त्याचा अर्थ असा की लग्नपत्रिकेपासून दुकानाच्या पाटीपर्यंत, पैसे घेऊन केलेल्या कामातही ते वापरता येतात, मित्राला देता येतात, कितीही संगणकांवर बसवता येतात. नुसता फॉन्टच विकायला काढायचा नाही, एवढीच मुख्य अट.

‘मोफत’ असे दुसरीकडे दिसले तर मात्र सावध. ‘फक्त वैयक्तिक वापरासाठी मोफत’ अशी बारीक अक्षरातली ओळ असेल तर सत्यनारायणाच्या निमंत्रणाला तो चालेल, तुमच्या मिठाईच्या डब्यावर चालणार नाही. विंडोजसोबत आलेल्या फॉन्टमध्ये छापून विकायला हरकत नाही, पण त्याची फाइल उचलून दुसऱ्याला देणे परवान्यात बसत नाही. आणि ५,००० फॉन्टची ती पन्नास रुपयांची डीव्हीडी, जी प्रत्येक गावात एकाकडे असतेच, ती कुठल्याच परवान्यात बसत नाही. भारतातही संगणकाचा कार्यक्रम कॉपीराइट कायद्याखाली येतो.

उतरवताना आणि वापरताना तीन बारीक गोष्टी. झिप फाइल आधी बाहेर काढा; झिपच्या आतून फॉन्ट बसवू नका. काही कुटुंबांत एक ‘व्हेरिएबल’ फाइल आणि शेजारी ‘स्टॅटिक’ नावाची घडी, म्हणजे फोल्डर, असते. वर्ड आणि कोरलसाठी स्टॅटिकमधले बसवा, कमी डोकेदुखी. आणि यात्रा, मोदक, रोझा असे एकाच वजनाचे, म्हणजे एकाच जाडीचे, फॉन्ट ठळक करायला बटण दाबू नका. संगणक त्यांना स्वतःच फुगवतो, आणि ‘क’, ‘फ’च्या गाठी बुजून जातात. मुक्तमध्ये सात वजने आहेत. ठळक हवे तर ज्यात खरे ठळक आहे ते घ्या.

मॅनेजर कधी लागतो?

वीस-तीस फॉन्ट असतील तर लागत नाही. माझ्या भाच्याने हौसेने तीनेक हजार बसवले. कोरल उघडायला चहा होऊन पिऊन व्हायचा. बसवलेला प्रत्येक फॉन्ट कार्यक्रमाला यादीत वाचावा लागतो. शिवाय आपल्याला तीन हजारांच्या यादीत ‘म’ शोधत खाली-खाली जावे लागते, तो वेळ वेगळा. मॅनेजरचे खरे काम हेच : फॉन्ट न बसवता एका घडीत ठेवायचे, तिथूनच पाहायचे, हवा तेवढा वेळ चालू करायचे आणि काम झाले की बंद.

विंडोजवर नेक्ससफॉन्ट मोफत आहे. दिसायला जुनाट, पण हलका. घडी दाखवली की त्यातले सगळे फॉन्ट शालूताईंच्या ओळीसकट एकाखाली एक मांडतो, आणि तो उघडा असेपर्यंत ते फॉन्ट वर्डमध्येही वापरता येतात. फॉन्टबेस विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हीवर चालतो, देखणा आहे, आणि त्याची मूळ आवृत्ती मोफत आहे. मी सध्या हाच वापरतो. त्यात वरच्या सोयींसाठी पैशाचा पर्याय आहे. मी पाहिला तेव्हा महिन्याला ३ डॉलर किंवा वर्षाला २९ डॉलर होता.

हे २९ डॉलर आपल्याकडे किती पडतात, ते सांगतो, कारण इथेच लोक चुकतात. डॉलर ८५ रुपये धरला तर २,४६५. परदेशी डिजिटल सेवेवर १८ टक्के जीएसटी लागला तर २,९०९. परकीय चलनासाठी अनेक बँका कार्डावर साडेतीन टक्क्यांपर्यंत आकार घेतात, त्यावर पुन्हा जीएसटी. हातात येणारे बिल ३,०३०च्या आसपास, म्हणजे पाहिलेल्या आकड्यावर साडेपाचशेहून थोडे जास्तच. आणि हे दरवर्षी आपोआप कापले जाते. १५,००० रुपयांच्या आतल्या अशा कपातीला ओटीपी मागितला जात नाही. कापण्याच्या २४ तास आधी बँकेकडून सूचना येते. ती वाचा.

मोठ्या जाहिरातसंस्थांसाठी एक्स्टेन्सिसचा कनेक्ट फॉन्ट्स असतो, वर्षाला १०० डॉलरच्या घरात, माणसामागे. मॅकवर राइटफॉन्ट विकत मिळतो. पाच-सहा जण एकाच नियतकालिकावर काम करत असतील, सगळ्यांकडे तोच फॉन्ट त्याच आवृत्तीत असणे गरजेचे असेल, तर हा खर्च समजण्यासारखा आहे. एकट्याने घेणे म्हणजे दोन ताटांसाठी भांड्यांचे कपाट.

ॲडोबीची वर्गणी भरत असाल तर ॲडोबी फॉन्ट्स त्यात येतात, वेगळे पैसे नाहीत. पण वर्गणी थांबली की फॉन्टही बंद. जुनी फाइल उघडली की फॉन्ट सापडत नाही. भाड्याचे घर आणि स्वतःचे घर यांतला हा फरक.

विकतचा फॉन्ट घ्यायचाच असेल, म्हणजे एखाद्या अंकाची किंवा दुकानाची स्वतःची ओळख करायची असेल, तर करणाऱ्या संस्थेकडून थेट घ्या आणि तीन प्रश्न लेखी विचारा : किती संगणकांसाठी, छपाईशिवाय वेबसाइटवर चालेल का, आणि किमतीत एक वजन आहे की पूर्ण कुटुंब. किमती बहुतेकदा एका वजनाच्या लिहिलेल्या असतात. साधा, ठळक, तिरका असे तीन घेतले की आकडा तिप्पट. बिल जपून ठेवा. परवाना म्हणजे तेच.

गोदाम आणि नमुना

माझी पद्धत सांगतो. तुमची वेगळी असू द्या. डी ड्राइव्हवर एक घडी, तिच्यात चार : मोफत, विकतचे, जुन्या जातीचे, आणि ‘कुठून आले ठाऊक नाही’. या चौथीतला फॉन्ट पैशाच्या कामात वापरायचा नाही, हा नियम. प्रत्येक फॉन्टसोबत परवान्याची मजकूर-फाइल तशीच ठेवायची. सी ड्राइव्हमधल्या विंडोजच्या फॉन्ट घडीला सफाईच्या नावाखाली हात लावायचा नाही. नको असलेले फॉन्ट सेटिंग्जमधून काढायचे. बसवलेला फॉन्ट एखाद्या जुन्या कार्यक्रमात दिसतच नसेल तर तो फक्त तुमच्या खात्यापुरता बसला असण्याची शक्यता असते. काढून पुन्हा बसवा, उजवी टिचकी मारून ‘सर्वांसाठी’ हा पर्याय घ्या.

पडद्यावर ठरवू नका, कागदावर ठरवा. लिब्रे ऑफिस मोफत आहे. एका पानावर एक फॉन्ट, शालूताई ८, १०, १२, १४ आणि १८ पॉइंटमध्ये, खाली फॉन्टचे नाव. आमच्या गावात लेझर प्रिंटला पानाला ४ रुपये पडतात. दिवाळी अंक साध्या कागदावर निघणार असेल तर नमुनाही त्याच कागदावर काढा. नाजूक रेघांचे फॉन्ट तिथे शाई पिऊन जाडे होतात, आणि पडद्यावरचे सौंदर्य पडद्यावरच राहते.

छपाईला देताना वर्डची फाइल देऊ नका. हे वाक्य मला ३,६०० रुपयांना पडले आहे. पीडीएफ करून द्या. त्यात फॉन्ट आत भरले जातात. फ्लेक्सवाला कोरलची फाइल मागेल, तर मजकूर निवडून कंट्रोल-क्यू दाबा. त्यांच्या भाषेत ‘कर्व्ह मारून द्या’. अक्षरांची चित्रे होतात, फॉन्टची गरज उरत नाही. मात्र चुकीचे अक्षर नंतर बदलता येत नाही, म्हणून कर्व्ह न केलेली एक प्रत आपल्याकडे राहू द्या.

एक गोष्ट घाबरवण्यासाठी नाही, पण सांगायला हवी. मार्च २०२०मध्ये मायक्रोसॉफ्टनेच इशारा दिला होता की विंडोजमधल्या फॉन्ट हाताळणाऱ्या एका भागातल्या उणिवेचा फायदा घेऊन हल्ले होत आहेत, आणि तशी फाइल उघडायचीही गरज नाही, एक्स्प्लोररच्या प्रिव्ह्यू चौकटीत दिसली तरी पुरे. एप्रिलमध्ये दुरुस्ती आली. पण विंडोज ७चा आधार जानेवारी २०२०लाच संपला होता. ज्यांनी जास्तीचे पैसे भरून मुदत वाढवली त्यांनाच ती दुरुस्ती मिळाली. आपल्या डीटीपीच्या दुकानांत लॉकसाठी सांभाळलेले जुने संगणक बहुधा याच विंडोजवर असतात. तो संगणक ठेवायचा असेल तर त्याची इंटरनेटची वायर काढून ठेवा. त्यालाही पैसे पडत नाहीत.

यंदा वाचनालयाच्या स्मरणिकेसाठी १४ फॉन्टचे नमुने काढले, ५६ रुपये झाले. निवडलेले दोन्ही फॉन्ट मोफत होते. कार्यवाहांनी पहिली प्रत डोळ्यांजवळ नेली, कऱ्हाड शोधले आणि काही न बोलता पान उलटले.